पत्र्याच्या डब्यातले शेफील्डचे चाकू : काळ ठरवण्याच्या कामाच्या नोंदी

१३ जानेवारी

शेजारच्या आजींच्या यजमानांनी जमवलेले खिशातले चाकू आता माझ्या टेबलावर आले आहेत. ते इथेच, इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये, ग्राइंडर होते. पाती घासून त्यांना आकार आणि धार देण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आजींना हे चाकू नातवंडांत वाटायचे आहेत. त्याआधी प्रत्येकासोबत एक कार्ड हवं: चाकू कुणाचा, कसला आणि कधीचा.

पद्धत आजच ठरवून टाकली. प्रत्येक कार्डावर दोन सालं लिहायची: 'याआधीचा नाही' आणि 'यानंतरचा नाही'. मधलंच एखादं साल उचलून 'सुमारे' असं लिहायचं नाही. लिलावाच्या याद्यांत 'सुमारे १८८०' सर्रास छापतात, पण ते कशावरून हे कुणी सांगत नाही. आजींच्या नातवंडांना प्रत्येक सालाखाली बोट ठेवता येईल अशी खूण दाखवता आली पाहिजे.

लागणाऱ्या वस्तू: दहापट मोठं दाखवणारं भिंग, बॅटरी, व्हर्नियर, लाकडी टूथपिक, पातळ मशीन ऑइल, मऊ सुती चिंध्या. पितळ उजळायची पेस्ट, चिंच, लिंबू, पॉलिश पेपर यांतलं काहीही टेबलाजवळ आणायचं नाही. शिक्क्याची अक्षरं मुळात फार उथळ असतात. एकदा चाकू लखलखीत केला की त्याचा जन्मदाखला पुसला गेलाच म्हणून समजा. बाजारात असे चकाकणारे, मुके झालेले चाकू बघितले की जीव तुटतो.

१९ जानेवारी

पहिली फेरी फक्त शिक्क्यांची. धार जिथे सुरू होते त्याच्या मागे, मुठीला लागून, पात्याचा जो चपटा भाग असतो त्याला टँग म्हणतात. बनवणाऱ्याचं नाव तिथे ठोकलेलं असतं. बॅटरी समोरून मारली तर नुसता काळपट पत्रा दिसतो. तीच टेबलाला टेकवून आडवा झोत टाकला की अक्षरांच्या कडा सावली धरतात आणि नाव वर येतं. गंज साचला असेल तर तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी टूथपिकने हलकेच ओढायचं. टँगची मागची बाजूही बघायची. कारखान्याचं नाव, 'कास्ट स्टील' असे शब्द, डिझाइनचा क्रमांक हे बऱ्याचदा तिकडे सापडतं.

डब्यातले चाकू गावा-देशाच्या नावावरून तीन ढिगांत लावले: नुसतं 'शेफील्ड', 'शेफील्ड इंग्लंड', आणि गावाचं नावच नसलेले.

देशाचं नाव हा कालनिर्णयाचा सगळ्यांत वापरला जाणारा पुरावा, आणि सगळ्यांत जास्त दुरुपयोगही त्याचाच होतो. अमेरिकेत १८९० साली मॅकिन्लीचा जकात कायदा झाला. त्यानुसार मार्च १८९१ पासून बाहेरून येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव असणं सक्तीचं झालं. शेफील्डचा कितीतरी माल अमेरिकेला जायचा, म्हणून टँगवर 'इंग्लंड' येऊ लागलं. पण हा नियम अमेरिकेचा होता. इंग्लंडात खपणाऱ्या किंवा हिंदुस्थानात जाणाऱ्या चाकूवर नुसतं 'शेफील्ड' ठोकायला कुणाची आडकाठी नव्हती आणि पुढेही कित्येक वर्षं तसं ठोकत राहिले. म्हणजे 'इंग्लंड' दिसलं तर चाकू बहुधा १८९० नंतरचा. नाही दिसलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

'शेफील्ड' या शब्दाचंही तसंच. जर्मनीतल्या सोलिंगेनहून येणाऱ्या मालावर शेफील्डचं नाव ठोकलेलं असे आणि त्यावरून इथले कारागीर खवळलेले होते. १८८७ चा मर्चंडाइज मार्क्स कायदा येण्यामागे त्या रोषाचा मोठा वाटा आहे. तेव्हा जुन्या चाकूवर गावाचं नाव असलं तरी कारागिरी बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

२ फेब्रुवारी

जोसेफ रॉजर्स अँड सन्स. डब्यातले दोन चाकू या घराण्याचे आहेत आणि आजचा सगळा दिवस त्यांनाच दिला.

चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही त्यांची खूण. ती १७६४ मध्ये शेफील्डच्या कटलर्स कंपनीने त्यांच्या नावे नोंदली. ही कंपनी म्हणजे कारखाना नव्हे. चाकू-कात्र्या करणाऱ्या कारागिरांची ही संस्था १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने उभी राहिली. कुणी कोणती खूण वापरायची हे तीच ठरवायची. रॉजर्सचं दुकान आणि कारखाना नॉरफोक स्ट्रीटवर ६ क्रमांकाला होता. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी त्यांनी पंचाहत्तर पात्यांचा अजस्र 'नॉरफोक चाकू' घडवला. तो आजही कटलर्स हॉलमध्ये आहे.

त्यांची दुसरी खूण राजाची. १८२२ मध्ये चौथ्या जॉर्जने त्यांना राजघराण्याचे कटलर नेमलं. तेव्हापासून टँगवर मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना राजाची अक्षरं येऊ लागली. पहिल्या चाकूवर 'व्ही' आणि 'आर' आहे. म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. सरळ काम.

दुसरा चाकू अवघड. त्यावर 'जी' आणि 'आर'. जॉर्ज, पण कितवा? चौथा जॉर्ज १८३० ला गेला. पाचवा १९१० ला गादीवर आला, सहावा १९५२ ला वारला. मधली ऐंशी वर्षं या अक्षरांची नाहीत. म्हणजे चाकू एक तर १८२२ ते १८३० मधला, नाही तर १९१० ते १९५२ मधला. बाजारात अशा चाकवांची नोंद 'चौथ्या जॉर्जच्या काळातला' अशीच केलेली आढळते, कारण त्याने किंमत चढते.

म्हणून शिक्का बाजूला ठेवून बाकीचा चाकू वाचला. मुठीच्या टोकाचा धातूचा भाग, बोल्स्टर, जर्मन सिल्व्हरचा आहे. घरोघरच्या जुन्या ताटवाट्यांतलं जर्मन सिल्व्हर हेच: तांबं, जस्त आणि निकेल, चांदीचा कणही नाही. शेफील्डच्या चाकवांवर ते रुळलं १८३० नंतर. त्याआधीचे बोल्स्टर बहुतेक लोखंडाचे असत. शिवाय टँगच्या मागच्या बाजूला, गंजाखाली, 'इंग्लंड' निघालं. चौथा जॉर्ज बाद.

कार्ड: १९१० आधीचा नाही.

आणि नंतरचा? इथे एक गोष्ट नीट लिहून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या कार्डांना ती लागू आहे. पहिलं साल पक्कं असतं, दुसरं मऊ. कोणतीही खूण तिच्या जन्माआधी पात्यावर येऊ शकत नाही. पण ती संपल्यानंतरही रेंगाळू शकते. राजा वारला म्हणून ठसे त्याच दिवशी भंगारात जात नाहीत. ठोकून ठेवलेली पाती वर्षानुवर्षं पेटीत पडून राहून नंतर मुठीत बसतात. म्हणून पहिलं साल शाईने लिहायचं आणि दुसरं पेन्सिलीने.

रॉजर्सच्या नावाच्या नकला भरपूर झाल्या. इंग्रजी नावातलं (Rodgers) 'डी' अक्षर गाळून 'Rogers' लिहिलेले चाकू मिळतात, चांदणीच्या जागी फूल आणि क्रॉसच्या जागी भलतंच काही असतं. आपल्या दोन्ही चाकवांवर नाव, चांदणी आणि क्रॉस तिन्ही बरोबर आहेत.

९ फेब्रुवारी

मुठी.

व्हिक्टोरियाच्या चाकूची मूठ पांढरी आहे. हाड की हस्तिदंत? भिंगाखाली हाडात बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात, कारण त्यातून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. हस्तिदंतात ते नसतात. तिथे आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते, पण मुठीच्या लांब पट्टीवर ती क्वचितच नीट सापडते. मी मुठीच्या टोकाशी, जिथे पट्टी बोल्स्टरला भिडते, तिथली अगदी बारीक कड तपासली. जाळी आहे. हस्तिदंतच.

आजींना हे सांगायलाच हवं होतं. ब्रिटनचा हस्तिदंत कायदा २०१८ चा आहे आणि जून २०२२ पासून लागू आहे. त्याखाली हस्तिदंताच्या वस्तूंची खरेदी-विक्री थोडे अपवाद सोडले तर बंद झाली. स्वतःजवळ ठेवायला आणि नातवाला भेट द्यायला हरकत नाही. त्या म्हणाल्या, "विकायचा कुणाला आहे?"

डब्यातल्या खडबडीत, तपकिरी मुठी सांबरशिंगाच्या आहेत. शेफील्डला हे शिंग भारतातून यायचं. सांबर दरवर्षी शिंगं टाकतो आणि ती जंगलात गोळा केली जात. इथल्या कारागिरांना युरोपातल्या हरणांपेक्षा सांबराचं शिंग पसंत होतं, कारण ते आत भरीव असतं आणि वरची साल खोल खाचांची असते. त्यामुळे पकड घट्ट बसते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली आणि शेफील्डच्या कटलरांना हाडावर आणि प्लास्टिकवर भागवावं लागलं. इथल्या म्हाताऱ्या कारागिरांकडे जपून ठेवलेल्या सांबरशिंगाच्या पट्ट्या अजून निघतात. महाराष्ट्रात कुणाच्या घरी आजोबांचा असा चाकू असेल तर तो विकायला काढण्याआधी आपला १९७२ चा वन्यजीव कायदा जरूर बघावा.

शिंगाची मूठ काळ सांगत नाही, शतकभर तीच चालू होती. काळ सांगते ती सेल्युलॉइडची. सेल्युलॉइड १८७० च्या आसपास अमेरिकेत निघालं आणि त्यानंतरच मुठींवर आलं. शिंपला, कासवाची पाठ, हस्तिदंत सगळ्यांची नक्कल त्यात होई. डब्यात कासवाच्या पाठीसारखी दिसणारी एक मूठ आहे. अंगठ्याने जोरात घासून ऊब आणली की कापराचा वास येतो: सेल्युलॉइड. जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते. या चाकूचं पातं मिटलेलं असताना मुठीच्या आत जेवढं जातं तेवढंच गंजलं आहे, बाहेरची पाठ स्वच्छ आहे. तो लगेच वेगळ्या, हवा खेळणाऱ्या खोक्यात हलवला. बाकीच्यांसोबत एका डब्यात राहिला असता तर सगळ्यांची पाती खाल्ली असती.

२२ फेब्रुवारी

फळं कापायचा चांदीचा चाकू, शिंपल्याची मूठ. माझा आवडता, कारण हा स्वतःच्या तोंडाने साल सांगतो.

साध्या पोलादाला सफरचंदाचं, संत्र्याचं आम्ल लागलं की पातं काळं पडतं आणि फळाला लोखंडी चव येते. म्हणून फळांच्या चाकूचं पातं चांदीचं करत. आणि चांदी म्हटली की हॉलमार्क आलाच. शेफील्डचं चांदी तपासणी कार्यालय १७७३ साली सुरू झालं.

पात्याच्या बुडाशी ओळीने बारीक चौकटी आहेत. मुकुट: ही शेफील्डची खूण, १९७० च्या दशकात तिच्या जागी गुलाब येईपर्यंत. चालणारा सिंह: चांदी स्टर्लिंग दर्जाची. डावीकडे तोंड केलेलं शिर: राणी व्हिक्टोरिया, म्हणजे कर भरल्याची खूण. हा कर १८९० ला उठला आणि शिरही गेलं. शेवटी इंग्रजी वर्णमालेचं मोठं पहिलं अक्षर, 'ए'. हे वर्षाचं अक्षर.

शेफील्डमध्ये १८२४ पासून ही अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने चालतात. व्हिक्टोरियाच्या काळात मोठं 'ए' दोनदा येतं, १८४४ आणि १८६८. दोन्ही वेळा अक्षराचं वळण वेगळं. तक्त्याशी ताडून पाहिलं, वळण १८६८ चं आहे. हे अक्षर जुलैत बदलायचं, म्हणून कार्डावर १८६८-६९ लिहिलं. या कार्डावर पेन्सिल लागली नाही.

१ मार्च

आज पटापट उरकणारे.

लष्करी चाकू: चौकटीदार काळी मूठ, डबा उघडायचं पातं, दोर सोडवायचा खिळा. धातूवर सरकारी मालाचा बाण आणि १९४३. लिहायला आणखी काही नाही.

'फर्थ स्टेनलेस' असा ठसा असलेला छोटा चाकू. न गंजणारं पोलाद हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये याच गावात, फर्थ आणि ब्राउन या पोलाद कंपन्यांच्या प्रयोगशाळेत बनवलं. तो तोफांच्या नळ्यांची झीज कमी करायच्या कामावर होता. सुरुवातीला लोक त्याला 'न कापणाऱ्या चाकूचा जनक' म्हणून हिणवत, कारण त्या पोलादाला धार लावायचं तंत्र अजून बसलं नव्हतं. पुढे पहिल्या महायुद्धात ते पोलाद विमानांच्या इंजिनांकडे वळवलं गेलं. कार्ड: १९१३ आधीचा नाही, प्रत्यक्षात युद्ध संपल्यानंतरचा मानावा.

बाटलीचं बूच काढायच्या मळसूत्राचा चाकू, टँगच्या मागे रजिस्टर्ड डिझाइनचा क्रमांक. हे क्रमांक जानेवारी १८८४ ला एकपासून सुरू झाले. १८९० च्या आरंभी ते १,४१,२७३ वर होते. आपला क्रमांक दीड लाखाच्या जरा पुढे, म्हणजे नोंदणी १८९० ची. चाकू त्यानंतर किती वर्षं विकला जात होता हे क्रमांकावरून कळत नाही.

८ मार्च

एका चाकूवर बनवणाऱ्याचं नावच नाही. 'आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल.' एवढंच आहे. हे दुकानदाराचं नाव. आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी लंडनमध्ये १८७१ ला सैन्यातल्या आणि आरमारातल्या अधिकाऱ्यांनी स्वस्तात माल मिळावा म्हणून काढली. शेफील्डचे कारखाने अशा दुकानांसाठी त्यांच्या नावाने माल ठोकून देत. १९३४ मध्ये संस्थेचं नाव बदलून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स झालं. म्हणून १८७१ शाईने, १९३४ पेन्सिलीने.

हीच संस्था १८९१ मध्ये मुंबईत आली. काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही इमारत तिचीच. कित्येक मुंबईकर त्या नावाखालून रोज जातात. आपला चाकू कुठल्या शाखेतून विकला गेला याची खूण त्यावर नाही, पण असेच चाकू तिथल्या काउंटरवरूनही गेले असणार. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांच्या कपाटात या ठशाचा चाकू निघाला तर बनवणाऱ्याचं नाव शोधत बसू नये, आधी ही दोन सालं लावावीत.

१६ मार्च

निनावी ढीग. इथे शिक्का मदतीला नाही, नुसती घडण वाचायची.

यातला सगळ्यांत साधा म्हणजे लाकडी मुठीचा 'पेनी' चाकू. त्याला स्प्रिंगच नाही, पातं एका खिळ्यावर फिरतं आणि घट्टपणावर थांबतं. असे चाकू शतकानुशतकं बनले. कार्डावर सालांची जागा मी मोकळी सोडली.

दुसरा एक जास्त बोलका आहे. बोल्स्टर लोखंडाचा, आणि मुठीच्या आतल्या धातूच्या अस्तरासकट एकाच तुकड्यातून ठोकून काढलेला, सांधा कुठेच नाही. पातं उघडायची नखाची खाच लांबलचक. मूठ पिस्तुलाच्या दस्त्यासारखी खाली वळलेली. या सगळ्या खुणा एकत्र आल्या की अठराव्या शतकाकडे बोट जातं. एकटी कुठलीही खूण पुरेशी नाही, लांब खाच तर नंतरच्या चाकवांवरही असते.

तिसऱ्या चाकूने बराच वेळ घेतला. पातं अरुंद, टोकदार, लेखणीच्या चाकूसारखं. बोरू आणि पिसांच्या लेखण्या छाटायला असे चाकू असत. पण पातं मिटल्यावर मुठीत मोठी पोकळी उरते. मुठीची खाच रुंद पात्यासाठी कोरलेली आहे. म्हणजे पातं जन्मतः अरुंद नव्हतं, कुणीतरी ते आयुष्यभर दगडावर लावत राहिलं. जातकुळी ठरवण्याआधी पातं मिटून पोकळी बघणं आता कायम यादीत.

बदललेली पातीही अशीच पकडता येतात. मुख्य खिळ्याचं डोकं भोवतीच्या धातूपेक्षा उजळ आणि नव्याने ठोकलेलं दिसलं, किंवा दोन पात्यांवरची नावं जुळली नाहीत, तर चाकू उघडला गेला आहे. सगळीकडे सारखेच गंजाचे खड्डे, अगदी सांध्याच्या आतसुद्धा, दिसले तर आम्लात बुडवून 'जुना' केलेला असण्याची शंका घ्यायची. खरा चाकू जिथे हात लागतो तिथे गुळगुळीत होतो आणि जिथे लागत नाही तिथे गंजतो.

निनावी चाकू हलक्या दर्जाचे होते असं मात्र कुणी समजू नये. शेफील्डचं काम फार मोठ्या प्रमाणात 'लिटल मेस्टर' करत. हे स्वतंत्र कारागीर, एखाद्या इमारतीत कामाची जागा भाड्याने घेऊन मोठ्या नावांसाठी माल घडवत. त्यांची स्वतःची नावं फार थोड्या चाकवांवर उरली. या परंपरेतले स्टॅन शॉ २०२१ मध्ये वारले. एकच माणूस पातं, स्प्रिंग, अस्तर, मूठ सगळं हाताने जुळवायचा. पिस्तुलदस्त्याच्या चाकूचं पातं मी तेल घालून हळूच उघडलं. स्प्रिंगने ते अजून खेचून घेतलं आणि खटकन आवाज झाला. पाठीवर पात्याची, स्प्रिंगची आणि अस्तराची कड नखाला जाणवत नाही इतकी एकसलग आहे. हे कुणी केलं ते कार्डावर लिहिता येत नाही याची खंत आहे.

२९ मार्च

शेवटचा चाकू. जॉर्ज वोस्टेनहोम अँड सन. 'आय एक्स एल' ही त्यांची प्रसिद्ध खूण पहिल्यांदा नोंदली गेली १७८७ मध्ये, दुसऱ्याच्या नावाने, आणि वोस्टेनहोमकडे आली १८२६ ला. टँगच्या मागे 'वॉशिंग्टन वर्क्स' आहे. १८४८ ला वोस्टेनहोमने वेलिंग्टन स्ट्रीटवरचा कारखाना घेतला आणि त्याला हे नाव दिलं, कारण त्याचा जीव अमेरिकेच्या बाजारात होता. पहिलं साल तिथेच ठरलं.

दुसरं साल अडलं होतं. 'इंग्लंड' नाही, पण जानेवारीतच लिहून ठेवलंय की त्याचं नसणं पुरावा होत नाही. आज मुठीवरची धातूची छोटी ढाल साफ केली. काळपट थराखालून पंख पसरलेला अमेरिकी गरुड निघाला. म्हणजे हा चाकू अमेरिकेत विकण्यासाठीच घडवलेला. तिथे पाठवायच्या मालावर मार्च १८९१ नंतर देशाचं नाव टाळता येत नव्हतं. नुसतं 'शेफील्ड' इतर कुठल्याही चाकूवर मुकं राहिलं असतं, या एका चाकूवर ते बोलतं.

कार्ड: जॉर्ज वोस्टेनहोम अँड सन, वॉशिंग्टन वर्क्स, शेफील्ड. मूठ सांबरशिंग, बोल्स्टर आणि ढाल जर्मन सिल्व्हर. १८४८ आधीचा नाही: कारखान्याचं नाव. १८९१ नंतरचा बहुधा नाही: अमेरिकी बाजाराचा माल, तरी देशाचं नाव नाही. पातं मूळचं, खिळे मूळचे. पॉलिश करू नये.